रडारच्या पडद्यावरची नसलेली जहाजे

जहाजावरच्या रडारला फक्त दोन गोष्टी कळतात. अँटेनाने सोडलेला रेडिओ लहरींचा स्पंद कशावर तरी आपटून किती मायक्रोसेकंदांनी परत आला, ही एक. आणि त्या क्षणी अँटेनाचे तोंड कोणत्या दिशेला होते, ही दुसरी. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे एक सागरी मैल जाऊन परत यायला तिला सुमारे १२.३५ मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या हिशेबावर पडद्यावर ठिपका उमटतो. हा हिशेब तीन गृहीतांवर उभा आहे: स्पंद सरळ गेला आणि सरळ परतला, तो अँटेनाच्या मुख्य झोतातूनच गेला, आणि परतलेला स्पंद सर्वांत शेवटी सोडलेलाच होता. यातले एखादे गृहीत चुकले, की समुद्रावर जिथे काहीही नाही तिथे पडद्यावर जहाज दिसू लागते. त्यालाच खोटा प्रतिध्वनी म्हणतात. असे प्रतिध्वनी ओळखायला आणि कमी करायला नाविकांना आणि अभियंत्यांना काही दशके लागली, आणि ते काम अजून पुरते संपलेले नाही.

रेडिओ लहरींनी जहाज शोधण्याची कल्पना रडार या नावापेक्षा जुनी आहे. क्रिस्टियान ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने १९०४ साली कोलोन शहरात ऱ्हाइन नदीवरच्या पुलापाशी आपले ‘टेलिमोबिलोस्कोप’ दाखवले. नदीतून बोट आली की तिच्यावरून परतलेल्या लहरींनी यंत्रातली घंटा वाजे. घंटा कशामुळे वाजली आणि ती वस्तू किती दूर आहे, हे मात्र यंत्र थेट सांगू शकत नव्हते. त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. १९३५ मध्ये ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजावर अडथळे हुडकण्याचे एक यंत्र बसवले गेले, तेही प्रयोगाच्या पातळीवरच राहिले. खरा बदल १९४० च्या फेब्रुवारीत झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला आणि सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या लहरी मोठ्या शक्तीने सोडणे शक्य झाले. लहरी आखूड झाल्या तशी अँटेना लहान झाली आणि झोत अरुंद झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश आरमाराच्या छोट्या युद्धनौकांवर अशी रडारे चढली. फिरत्या अँटेनाबरोबर फिरणाऱ्या रेषेने चहूबाजूंचा नकाशा काढणारा गोल पडदाही याच काळात रुळला. नकाशासारखे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर माणूस त्याच्यावर नकाशाइतकाच विश्वास ठेवू लागला, आणि खोट्या प्रतिध्वनींचा इतिहास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

त्या विश्वासाची सर्वांत मोठी किंमत जुलै १९४३ मध्ये अल्यूशन बेटांजवळ मोजावी लागली. किस्का हे बेट जपानी फौजांच्या ताब्यात होते आणि अमेरिकी आरमाराने त्याला वेढा घातला होता. २६ जुलैच्या पहाटेपूर्वीच्या अंधारात ‘मिसिसिपी’, ‘आयडाहो’ आणि आणखी काही मोठ्या युद्धनौकांच्या रडारवर ठिपके दिसू लागले. शत्रूचा ताफा आला असे समजून तोफा सुरू झाल्या. १४ इंची तोफांचे ५१८ आणि ८ इंची तोफांचे ४८७ गोळे समुद्रात गेले. पलीकडून एकही गोळा आला नाही. उजाडल्यावर पाण्यावर ना तेलाचा तवंग दिसला, ना लाकडाचा तुकडा. ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही क्रूझर आणि ताफ्यातल्या विनाशिका यांच्या पडद्यावर ते ठिपके कधी आलेच नव्हते. पण ज्यांना काही दिसत नव्हते त्यांची साक्ष त्या रात्री कुणी वजनदार मानली नाही. गोळे आणि इंधन खर्च झाल्याने जहाजे भरून घेण्यासाठी बाजूला गेली, आणि २८ जुलैला धुक्याच्या आडोशाने जपानी जहाजांनी किस्कावरची ५,१८३ माणसे तासाभराच्या आत उचलून नेली. १५ ऑगस्टला ३४ हजारांहून अधिक सैनिक त्या बेटावर उतरले तेव्हा तिथे शत्रूचा एकही माणूस नव्हता. आरमारी इतिहासात ही घटना ‘ठिपक्यांची लढाई’ म्हणून नोंदली गेली आहे.

ते ठिपके कशाचे होते? अमचिटका आणि आसपासच्या १०० ते १५० मैलांवरच्या बेटांचे डोंगर रडारवर आले असावेत, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण. इतक्या लांबचा डोंगर पंधरा-वीस मैलांवरचे जहाज बनून कसा येतो, हे साध्या गणिताने कळते. समजा, रडार सेकंदाला १००० स्पंद सोडते. दोन स्पंदांमध्ये १००० मायक्रोसेकंदांचे अंतर पडते आणि तेवढ्या वेळात लहर सुमारे ८१ सागरी मैल जाऊन परत येऊ शकते. ९० मैलांवर एखादा उंच डोंगर असेल, तर त्याचा प्रतिध्वनी यायच्या आत पुढचा स्पंद सुटलेला असतो. रडार मोजणी नव्या स्पंदापासून करते आणि डोंगराला ९ मैलांवर ठेवते. सरळ किनाराही असा आला तर मध्याकडे ओढल्यासारखा वाकडा दिसतो. ओळखण्याची रीत याच गणितातून निघाली. स्पंदांची गती बदलली की खरा प्रतिध्वनी जागचा हलत नाही, खोटा मात्र लगेच दुसरीकडे जातो किंवा नाहीसा होतो. रडारचा पल्ला बदलताना ही गती बहुधा आपोआप बदलते, म्हणून संशय आला की अधिकारी पल्ल्याचे बटण फिरवून पाहतो. पुढे दोन स्पंदांमधले अंतरच सतत थोडे कमीजास्त ठेवण्याची युक्ती निघाली. त्यामुळे दूरचा प्रतिध्वनी दर वेळी वेगळ्या जागी पडतो, त्याचा ठिपका घट्ट होतच नाही.

लहरी एरवी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत, मग शंभर मैलांवरून प्रतिध्वनी येतोच कसा? या प्रश्नाच्या उत्तरात मुंबईचे नाव आवर्जून येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या किनाऱ्यावर दीड मीटर लांबीच्या लहरींवर चालणारे एक रडार होते. उन्हाळ्याच्या महिन्यांत त्यावर हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत. ते अर्थातच कित्येक स्पंद मागे पडलेले असत. लहरींच्या प्रसारणावरच्या युद्धोत्तर पाठ्यग्रंथांत हे उदाहरण ठळकपणे दिले गेले. कारण हवेत आहे. पावसाळ्यापूर्वी अरबी समुद्रावर खाली दमट, तुलनेने थंड थर आणि वर कोरडी, उष्ण हवा असा साठा बसतो. या दोन थरांच्या सीमेवर लहर खाली वाकते, पृथ्वीच्या वक्रतेबरोबर पुढे सरकते आणि पन्हळीतून वाहणाऱ्या पाण्यासारखी दूरवर जाते. मोसमी वारे सुरू झाले की ते हवा घुसळून काढतात, थर मोडतात आणि पल्ला पुन्हा आवाक्यात येतो. इराणचे आखात आणि तांबडा समुद्र इथेही असेच घडते. मार्च ते मे या काळात मुंबईहून पश्चिमेकडे निघालेल्या जहाजाच्या रडारवर अनोळखी किनारा उमटला, तर हवामानाकडे बघणे हे पहिले काम ठरते.

युद्धकाळात आणखी एक कोडे सुटले. किनाऱ्यावरच्या रडारवर रिकाम्या आभाळात आणि समुद्रावर सरकणारे ठिपके दिसत आणि त्यांचे मूळ सापडत नसे. चालक त्यांना ‘एंजल’ म्हणत. डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी त्यातले बरेच ठिपके पक्ष्यांचे आहेत हे दाखवून दिले आणि १९४५ साली ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध केले. किस्काजवळचे ठिपकेही समुद्रपक्ष्यांच्या थव्यांचे असावेत, असे एक मत नंतर मांडले गेले. यात प्रतिध्वनी खरा असतो, फक्त पाहणाऱ्याने लावलेला अर्थ खोटा असतो. पक्षिशास्त्राला मात्र यातून रात्रीच्या स्थलांतराचा अभ्यास करण्याचे नवे साधन मिळाले.

युद्ध संपताच रडार व्यापारी जहाजांवर आले आणि अडचणीचे स्वरूप बदलले. युद्धनौकेवर रडारभोवती प्रशिक्षित माणसांचा गट असे. मालवाहू जहाजावर वॉचवरचा एकटा अधिकारी सुकाणूवाल्यावर लक्ष ठेवत, नकाशा बघत, अधूनमधून पडद्यात डोकावत असे. शिवाय रडार बसवले गेले ते रडारचा विचार न करता बांधलेल्या जहाजांवर. पुढे डोलकाठी, मागे धुराडे, दोन्हीकडे मालाचे दांडे आणि मध्ये कुठेतरी अँटेना. अँटेनाच्या झोताच्या आड धुराडे आले की दोन गोष्टी घडतात. धुराड्यामागे सावली पडते, तिथले खरे जहाजही दिसत नाही. आणि धुराडे आरशाचे काम करते: त्यावर आपटलेली लहर दुसऱ्या दिशेला वळते, तिथल्या जहाजावरून परत त्याच वाटेने येते, आणि रडार ते जहाज धुराड्याच्या दिशेला दाखवते. अंतर जवळजवळ बरोबर, दिशा साफ चूक. विशेष म्हणजे हे भूत नेमके त्या आंधळ्या पट्ट्यात उभे राहते जिथे खरे काही दिसणेच अवघड असते. ओळखायची खूण हीच. अधिकारी जहाजाचे तोंड थोडे वळवतो. खऱ्या जहाजाची समुद्रावरची दिशा तीच राहते, भूत मात्र धुराड्याला चिकटून आपल्या जहाजाबरोबर वळते. ते कमी करण्यासाठी अँटेना उंच नेली गेली, आड येणाऱ्या पोलादी पृष्ठभागांवर लहरी शोषणारा थर दिला गेला, किंवा लहर वर उडून जावी म्हणून त्यावर तिरप्या किंवा नालीदार पत्र्याचे आवरण चढवले गेले. आंधळ्या पट्ट्यांची आकृती रडारशेजारी लावण्याची पद्धतही पडली. कंटेनर जहाजांच्या काळात हा जुना त्रास नव्या रूपात परतला. डेकवर रचलेल्या कंटेनरांची भिंत म्हणजे सपाट पोलादी आरसा, आणि ती दर बंदरात बदलते. न्हावा शेवाहून निघताना जिथे आरसा नव्हता तिथे पुढच्या बंदरानंतर तो उभा असू शकतो. त्यामुळे एकदा काढलेल्या आकृतीवर विसंबून चालत नाही.

अरुंद खाडीत मोठे जहाज शेजारून समांतर चालले असेल तर स्पंद दोन्ही जहाजांच्या बाजूंमध्ये चेंडूसारखा मागेपुढे आपटतो. दर फेरीचा प्रतिध्वनी वेगळा उमटतो. एकाच दिशेला, समान अंतरांवर, क्रमाने फिके होत जाणारे ठिपके दिसतात. यात घोटाळा फारसा नसतो, कारण सर्वांत जवळचा ठिपका खरा असतो आणि बाकीचे त्याच्या अंतराच्या पटीत बसतात. बाजूच्या झोतांचे प्रतिध्वनी जास्त उपद्रवी. कोणतीही अँटेना सगळी शक्ती एका झोतात सोडू शकत नाही, थोडी बाजूंना गळते. जवळ मोठे जहाज किंवा उंच धक्का असला तर ही गळतीसुद्धा प्रतिध्वनी आणायला पुरेशी ठरते आणि खऱ्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना त्याच अंतरावर कंसाकार पट्टे उमटतात. एखाद्या छोट्या होडीचा ठिपका त्या पट्ट्यात बुडाला तर तो सापडत नाही. यावर खरा उतारा अँटेनाच्या रचनेतून आला. सुरुवातीच्या वाकड्या परावर्तकांची जागा हळूहळू आडव्या, लांबट, फटी पाडलेल्या वेव्हगाइडने घेतली. व्यापारी जहाजांच्या माथ्यावर फिरताना दिसणारी आडवी पट्टी ती हीच. तिची लांबी आणि फटींची मांडणी नीट साधली की बाजूची गळती बरीच आटोक्यात येते.

काही खोटे प्रतिध्वनी जहाजाच्या नव्हे, तर किनाऱ्याच्या रचनेतून जन्माला आले. इटलीतल्या मेसिना सामुद्रधुनीवर १९५० च्या दशकात २३० मीटरांहून उंच दोन मनोरे उभारून पाण्यावरून साडेतीन किलोमीटरांहून लांब विजेच्या तारा ओढल्या गेल्या. गुळगुळीत तार लहर आरशासारखी परतवते, म्हणून सगळ्या तारेतला एकच बिंदू रडारला दिसतो: जहाजातून तारेवर टाकलेला लंब जिथे पडतो तो. पडद्यावर तार दिसत नाही, समोरून येणारे एक जहाज दिसते. जहाज तारेकडे चालू लागले की या बिंदूची दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र घटत जाते. दिशा स्थिर आणि अंतर कमी, ही टकरीची खूण प्रत्येक नाविकाला पहिल्या वर्षी शिकवली जाते. अधिकारी नियमाप्रमाणे उजवीकडे वळतो. आपले जहाज उजवीकडे सरकते तसा लंबाचा पायही तारेवरून त्याच बाजूला सरकतो, म्हणजे समोरचे जहाजही आपल्याच वाटेत आल्यासारखे दिसते. डावीकडे गेले तर ते डावीकडे येते. या सापळ्यातून सुटायला बटण उपयोगी पडत नाही. नकाशावर तारेची नोंद आधी पाहिलेली असावी लागते, आणि धुके नसेल तर डोळ्यांनी बाहेर बघावे लागते. मेसिनाच्या तारा १९९० च्या दशकात उतरवल्या गेल्या, पण नद्या आणि खाड्यांवर अशा तारा जगभर आहेत.

आतापर्यंतचे प्रतिध्वनी निदान मोजके असतात. लाटांचे आणि पावसाचे प्रतिध्वनी पडदाच भरून टाकतात. जहाजाभोवतीच्या तीन-चार मैलांत, वाऱ्याच्या बाजूला जास्त, लाटांच्या उतारांवरून परतलेल्या लहरींचा पांढरा लगदा जमतो. त्यासाठी जवळच्या प्रतिध्वनींसाठी ग्रहणशक्ती कमी ठेवून अंतराबरोबर ती वाढवत नेणारे नियंत्रण निघाले. पावसाच्या ढगांसाठी प्रतिध्वनीची फक्त पुढची कड ठेवून मागचा पसारा छाटणारे दुसरे नियंत्रण आले. ३ सेंटिमीटर लहरींचे चित्र बारीक असते, पण पाऊस त्यात जास्त दिसतो. १० सेंटिमीटर लहरी पावसातून बऱ्याच सहज जातात. म्हणून मोठ्या जहाजांवर दोन्ही रडारे ठेवण्याची रीत पडली.

या संपूर्ण इतिहासातली सर्वांत अवघड गोष्ट इथेच आहे. खोटा प्रतिध्वनी घालवणारे प्रत्येक नियंत्रण खरा प्रतिध्वनीही घालवू शकते. कोकण किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या जहाजाला हे रोज भोगावे लागते. फायबरची किंवा लाकडाची मासेमारी नौका पाण्यापासून फार उंच नसते, लहरी तिच्यावरून नीट परतत नाहीत, आणि तिचा ठिपका लाटेच्या ठिपक्याइतकाच असतो. लाटांचे नियंत्रण जास्त दाबले की पडदा स्वच्छ होतो, आणि त्या स्वच्छ पडद्यावर नौका नसते. म्हणून जाणते अधिकारी पडदा पूर्ण स्वच्छ करत नाहीत, थोडा लगदा राहू देतात, आणि त्यात फेरीमागून फेरी एकाच जागी टिकणारा ठिपका शोधतात. लाट तिथेच टिकत नाही, नौका टिकते. नियंत्रण एकदा लावून विसरायचे नसते, कारण वारा बदलला की लगदाही बदलतो. मासेमारांनी काठीवर धातूचा परावर्तक लावण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला जातो आणि तो अगदी रास्त आहे.

१९७२ च्या टक्करप्रतिबंधक आंतरराष्ट्रीय नियमांत हा अनुभव कायद्याच्या भाषेत आला. ते १५ जुलै १९७७ रोजी अमलात आले. सुरक्षित वेग ठरवताना समुद्राची स्थिती, हवामान आणि इतर व्यत्यय यांचा रडारवर होणारा परिणाम, तसेच लहान नौका आणि बर्फ पुरेशा अंतरावरून न दिसण्याची शक्यता विचारात घ्या, असे सहावा नियम सांगतो. तुटपुंज्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या तुटपुंज्या माहितीवरून, गृहीते धरू नका, असे सातवा नियम बजावतो. १९५६ मध्ये ‘अँड्रिया डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही जहाजे रडार चालू असताना एकमेकांवर आदळली आणि ५१ माणसे गेली. तिथे प्रतिध्वनी खोटा नव्हता, वाचन चुकले होते. तरी अशा टकरींनीच प्रशिक्षण सक्तीचे केले. आज मुंबईतल्या नौकानयन संस्थांमध्ये होऊ घातलेले अधिकारी सिम्युलेटरवर लगदा, सावल्या आणि भुते हाताळूनच प्रमाणपत्राकडे जातात.

रडार असलेली जहाजे वाढली तसा एकमेकांच्या रडारचा उपद्रव सुरू झाला. शेजारच्या जहाजाचे स्पंद आपल्या पडद्यावर तुटक, वळणदार ठिपक्यांच्या रांगा काढतात. संगणक आल्यावर हे सोपे झाले. लागोपाठच्या दोन स्पंदांत त्याच अंतरावर जे सापडत नाही ते गाळून टाकले जाते. हेच तत्त्व अँटेनाच्या फेऱ्यांना लावले की लाटाही गाळल्या जातात, पण कधी दिसणारी, कधी लाटेआड जाणारी होडीही त्यांच्याबरोबर गाळली जाते. लक्ष्यांचा आपोआप माग काढणारी यंत्रणा भुताचाही तितक्याच इमानाने माग काढते आणि त्याचा वेग व मार्ग आकड्यांत छापते. आकडा दिसला की ठिपक्यावरचा विश्वास वाढतो, हा त्यातला धोका.

मुद्दाम केलेला खोटा प्रतिध्वनी जीवही वाचवतो. संकटातल्या माणसांच्या तराफ्यावरचा शोध-बचाव ट्रान्सपाँडर ३ सेंटिमीटर रडारचा स्पंद मिळताच उत्तर पाठवतो आणि शोधणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर १२ ठिपक्यांची सरळ रांग उमटते. पहिल्या ठिपक्यापाशी तराफा असतो. जहाज मैलभर जवळ आले की बाजूच्या झोतांनाही उत्तर मिळू लागते, ठिपक्यांचे कंस होतात आणि अगदी जवळ पूर्ण वर्तुळे. एरवीचा दोष इथे जवळ आल्याची सूचना बनतो, आणि तेव्हा ग्रहणशक्ती कमी करून दिशा पुन्हा पक्की करावी लागते.

एकविसाव्या शतकात समुद्रात पवनचक्क्यांची शेते उभी राहिली. वेल्सजवळच्या नॉर्थ हॉयल इथे २००४ मध्ये जहाजे नेऊन चाचण्या झाल्या. पोलादी उंच खांबांवरून बाजूच्या झोतांचे आणि पुन्हा पुन्हा आपटणारे असे दोन्ही प्रकारचे प्रतिध्वनी आले. ग्रहणशक्ती उतरवल्यावर ते कमी झाले, पण खांबांमधून चाललेली छोटी बोटही पुसट झाली. म्हणून जहाजमार्ग आणि पवनचक्क्या यांत किती अंतर ठेवायचे, हे ठरवताना रडारचा विचार करणे भाग पडले. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००४ मध्ये रडारची नवी मानके स्वीकारली. १ जुलै २००८ पासून बसवल्या जाणाऱ्या रडारांना ती लागू झाली, आणि १० सेंटिमीटर पट्ट्यात मॅग्नेट्रॉनशिवाय चालणाऱ्या रडारांना वाट मोकळी झाली. ही रडारे कमी शक्तीचा लांब स्पंद सोडतात आणि परतल्यावर गणिताने तो आकसून आखूड करतात. लाटांतून छोटे लक्ष्य वेगळे काढण्यात ती सरस आहेत. मात्र स्पंद आकसताना थोडा अवशेष उरतो, आणि बलवान लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे त्याच दिशेला फिके ठिपके उमटू शकतात. धुराड्याच्या भुतासारखे ते आंधळ्या पट्ट्यात नसतात आणि जहाज वळवले तरी हलत नाहीत. ते ओळखायचे ते मोठ्या लक्ष्याशी बांधलेल्या त्यांच्या ठरावीक अंतरावरून.